अंगणातला रानफुलांचा तुकडा : कसा तयार करायचा, कसा राखायचा



परसातल्या भोपळ्याच्या वेलाला भरपूर फुलं येतात, पण भोपळे मात्र दोन-तीनच धरतात. बाकीची कोवळी फळं पिवळी पडून गळून जातात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "वेलाला नजर लागली." कोणी खत घालतं, कोणी औषध फवारतं. पुष्कळदा कारण अगदी साधं असतं. नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत पोचवायला कोणी आलेलंच नसतं. भोपळा, दोडका, कारलं, काकडी या सगळ्या वेलांवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मधमाशी आली नाही तर फळ नाही.

मग मधमाशी का येत नाही? कारण भोपळा फुलतो महिना-दीड महिना. उरलेल्या दहा महिन्यांत तिने खायचं काय? पूर्वी याचं उत्तर बांधावर होतं. तरोटा, कुर्डू, माका, केना, एकदांडी, रिंगणी, तरवड असं काही ना काही बांधावर फुललेलं असायचं. आता बांध अरुंद झाले आणि उरलेल्या बांधावर तणनाशक फिरतं. कापूस-सोयाबीनच्या शिवारात मैलभर गेलं तरी पिकाशिवाय दुसरं फूल दिसत नाही, अशी वेळ येते. म्हणून घराच्या अंगणात, परसात, शाळेच्या कुंपणाशी रानफुलांचा एक तुकडा राखणं हे आता हौसेचं काम राहिलेलं नाही. आज त्याचीच माहिती घेऊ.

परागीभवन करणारे कोण कोण?

पुस्तकात 'कीटक' एवढाच शब्द येतो आणि मुलांच्या डोळ्यांसमोर एकच मधमाशी उभी राहते. जगात मधमाश्यांच्या कुळातल्या २०,००० हून जास्त जाती आहेत. आपल्याकडे सहज दिसणाऱ्या अशा :

आग्या : मोठी माशी. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, मोठ्या इमारतीला एकच उघडं पोळं लावते.

सातेरी : झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते. पेटीत पाळता येते.

फुलोरी : लहान माशी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावते. अंगणात हीच जास्त दिसते.

भुंगा : काळा, जाडजूड, मोठ्याने गुणगुणणारा. वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहतो.

यांशिवाय एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जमिनीत बीळ करतात. गुलाबाच्या पानाला कंपासने कापल्यासारखा गोल तुकडा गेलेला दिसला तर ती पानकापी माशी. ती कीड नाही, बाळांसाठी खोली बांधते आहे. फुलपाखरं, पतंग, काही भुंगेरे, फुलमाश्या हेही परागकण वाहून नेतात. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं थोडीफार का होईना पण अशा प्राण्यांवर अवलंबून आहेत. ज्वारी, गहू, तांदूळ वाऱ्यावर किंवा स्वतःच्या परागावर भागवतात, पण सूर्यफूल, तीळ, करडई, वेलभाज्या आणि कांद्याचं बियाणं यांना मधमाशीचा फायदा होतो.

लॉन नको, रानफुलं का?

बाहेरच्या देशांत घरापुढचं हिरवं लॉन काढून तिथे रानफुलं वाढू देण्याची चळवळ आहे. आपल्याकडे उलटं चाललंय. नवीन बांधलेल्या घरापुढे हिरवळीचा गालिचा अंथरायची हौस वाढते आहे. या हिरवळीला फूल नाही, बी नाही, फुलपाखराला बसायला जागा नाही. आणि पाणी?

हिशोब मुलांकडूनच करून घ्या. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायला रोज ५ मिलिमीटर एवढंच धरू. दहा फूट बाय दहा फूट जागा म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. रोजचं पाणी झालं सुमारे ४६ लिटर, म्हणजे तीन घागरी. एप्रिल-मे या दोन महिन्यांत जवळजवळ २,८०० लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. रानफुलं मात्र पावसावर येतात, पावसावर फुलतात आणि बी टाकून वाळतात. उन्हाळ्यात त्यांना आपल्याकडून काहीच नको असतं.

आपल्याकडे पेरण्यापेक्षा राखणं महत्त्वाचं

ऑनलाइन 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' नावाची पाकिटं मिळतात. ती घेऊ नका. त्यात बहुतेक थंड देशातल्या फुलांचं बी असतं. ते आपल्या उन्हात टिकत नाही, आणि टिकलं तर कधीकधी नको इतकं पसरतं. गाजर गवत हे बाहेरून आलेलं झाड आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज एकही गाव त्याच्यापासून सुटलेलं नाही.

दुसरं म्हणजे बी आपल्या मातीत आधीच आहे. राणीसावरगावचा परिसर बालाघाटच्या रांगांचा. कुठे काळी माती, कुठे मुरमाड माळ. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत काय काय उगवतं ते बघा. त्यातलं काय ठेवायचं, काय उपटायचं आणि कधी कापायचं, एवढं ठरवलं की निम्मं काम झालं.

जागा आणि तयारी

सुरुवात लहान करा. घरी सहा फूट बाय सहा फूट, शाळेत कुंपणालगतची तीन फूट रुंदीची पट्टी पुरे. दिवसातून सहा तास तरी ऊन हवं.

शेणखत घालू नका. ही गोष्ट आपल्याला उलटी वाटते. पण खतावलेल्या जमिनीत कुंदा, लव्हाळा, हराळी अशी दोन-चार दांडगी गवतं जोर धरतात आणि फुलझाडांना दाबून टाकतात. हलक्या जमिनीत कोणाचीच मक्तेदारी चालत नाही, म्हणून तिथे जास्त प्रकार नांदतात. साताऱ्याच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे, तरी तिथल्या फुलांसाठी ते जगप्रसिद्ध आहे. (तिथलं बी आणून इथे लावायचं नाही बरं का. इथलं ते इथलं.)

खोल खणू नका. मे महिन्यात वाळलेला कचरा उचला, खुरप्याने किंवा दाताळ्याने वरची इंचभर माती हलवा. तुकड्याच्या एका कडेला दोन-तीन वीत जागा उघडीच ठेवा, ती जमिनीत राहणाऱ्या माश्यांसाठी.

काय ठेवायचं, काय लावायचं?

आपोआप येणारं, राखायचं :

तरोटा (टाकळा) : कोवळ्या पाल्याची भाजी होते, पिवळी फुलं येतात, छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. शिवाय दाट वाढला की तो गाजर गवताला जागा देत नाही. मात्र तो फार पसरतो, म्हणून निम्म्या शेंगा पिकण्याआधी काढून घ्या.

एकदांडी (दगडी पाला, कंबरमोडी) : इवलंसं फूल, पण फुलपाखरांचं आवडतं. जवळजवळ वर्षभर फुलतं.

आघाडा, माका, केना, कुर्डू, विष्णुक्रांता, घोळ, पाथरी, गोखरू : यांतलं जे येईल ते. पायात गोखरू टोचेल अशी जागा असेल तर तेवढं काढा.

रुई : कुंपणाच्या टोकाला एखादं झुडूप. प्लेन टायगर हे तपकिरी-नारिंगी फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

आपण पेरायचं : तीळ, कारळं, देशी झेंडू, तेरडा. हिवाळ्यासाठी धने, बडीशेप, मोहरी, मेथी, जवस. करडई काटेरी असते, ती कुंपणाच्या बाजूला. किराणा दुकानातले धने-मोहरी चालतात, फार जुने मात्र नकोत.

कायमचं : तुळस, कढीपत्ता, लिंबू, तरवड, शेवगा. कढीपत्त्याची आणि लिंबाची पानं खाणाऱ्या अळ्या दिसल्या की लगेच औषध मारायचं नाही. त्या लिंबाच्या कुळावर वाढणाऱ्या सुंदर फुलपाखरांच्या अळ्या असतात. चार पानं गेल्याने झाड मरत नाही.

काढायचंच : गाजर गवत. त्याने कातडीला खाज आणि श्वासाचा त्रास होतो. फुलं येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटायचं. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. हे काम मोठ्यांनीच करायचं, मुलांकडून करून घ्यायचं नाही. धोत्रा आणि कण्हेर विषारी आहेत, लहान मुलं वावरतात तिथे ठेवू नका.

वर्षाचं वेळापत्रक

ज्येष्ठ (मृग) : पहिला चांगला पाऊस झाल्यावर बी पेरा. बी बारीक असतं, म्हणून एक मूठ बी आणि पाच मुठी चाळलेली वाळू एकत्र करून फेका. वरून माती लोटू नका, हाताने नुसतं दाबा. तरोट्याच्या बियांचं कवच कठीण असतं, त्या खरखरीत दगडावर घासून रात्रभर भिजवा.

आषाढ : उगवलेलं ओळखा. गाजर गवत आणि दांडगी गवतं उपटा. फार दाटी झाली तर विरळ करा. पावसाचा मोठा खंड पडला तर आठवड्यातून एकदा झारीने पाणी.

श्रावण-भाद्रपद : कडेचं दोन फूट गवत कापत राहा, आतल्या तुकड्याला हात लावू नका.

आश्विन-कार्तिक : भर फुलोरा, मग बी. झेंडूची फुलं दसऱ्याला थोडी तोडा, थोडी झाडावर ठेवा. वाळलेलं बी कागदी पाकिटात भरून नाव, जागा, तारीख लिहा.

मार्गशीर्ष : आता कापणी. विळ्याने जमिनीपासून तीन-चार इंच ठेवून कापा. सगळं एकदम नको, निम्मं आज आणि निम्मं महिन्याने, म्हणजे अळ्या-कोशांना थारा राहतो. कापलेलं दोन-तीन दिवस तिथेच वाळू द्या, बी खाली झडेल. मग उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. तिथेच कुजू दिलं तर जमीन खतावते आणि गवतं माजतात. जाळायचं तर मुळीच नाही.

पौष-माघ : एका कोपऱ्यात धने, बडीशेप, मोहरी फुललेली असतील. भांडी-भाजी धुतलेलं, साबण नसलेलं पाणी त्यांना पुरतं.

फाल्गुन ते वैशाख : तुकडा वाळलेला दिसेल, दिसू द्या. या दिवसांत शेवगा, कडुलिंब, तुळस मधमाश्यांना सांभाळतात. पसरट परळात खडे ठेवून पाणी भरा, खड्यांवर बसून माश्या पाणी पितात. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची अळी होते.

१५ ऑगस्टची अडचण

आता जरा आपल्याच कामाबद्दल बोलू. शाळेचं मैदान आपण वर्षातून दोनदा मन लावून साफ करतो. एकदा १५ ऑगस्टच्या आधी आणि एकदा २ ऑक्टोबरच्या सुमारास. गावातली स्वच्छता मोहीमही बहुधा याच दिवसांत असते. नेमकी पहिली वेळ फुलं येण्याच्या तोंडावरची आणि दुसरी बी धरण्याच्या तोंडावरची. दोन्ही वेळा सगळं खरवडून काढलं की त्या जागेत बी पडतच नाही. दोन-चार वर्षं असं झालं की पावसाने काय उगवतं? जे सगळ्यात लवकर बी टाकतं आणि जनावरंही तोंड लावत नाहीत ते, म्हणजे गाजर गवत. सफाईसाठी राबणाऱ्या हातांनीच आपण त्याला मोकळं रान करून देतो.

यावर उपाय सोपा आहे. मैदान, वाटा, वर्गाभोवतीची जागा जरूर साफ करा. फक्त कुंपणालगतची ठरवलेली पट्टी सोडा. तिच्या कडेने चुन्याने रंगवलेले दगड किंवा विटा लावा आणि पाटी लावा : "ही रानफुलांची पट्टी आहे. मार्गशीर्षात कापली जाईल." पाटी नसेल तर येणाऱ्या पाहुण्याला ते दुर्लक्ष वाटतं. कड नीट कापलेली आणि पाटी लावलेली असेल तर तेच गवत मुद्दाम राखलेलं दिसतं. घरापुढेही हीच युक्ती चालते. शेजारणीने "गवत केवढं वाढलंय हो" म्हटलं तर पाटी उत्तर देते. पोषण आहाराची परसबाग असेल तर ही पट्टी तिच्या शेजारीच ठेवा. दोडक्या-भोपळ्याला तिचा थेट फायदा होईल.

पालकांच्या मनातली भीती

"मधमाशी चावली तर?" फुलावर मध गोळा करणारी माशी सहसा डंख मारत नाही. ती पोळ्याजवळ राखण करताना चिडते. म्हणून फुलाजवळ शांत उभं राहायचं, हात मारायचा नाही आणि आग्या मोहोळाखाली कोणीही जायचं नाही, हा नियम पक्का करा. डंख झालाच तर काटा नखाने खरवडून काढा आणि थंड पाण्याची पट्टी ठेवा. चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर वेळ न घालवता दवाखाना, १०८ ला फोन.

"साप-विंचू येतील." ही भीती खोटी नाही, आपल्या भागात ती धरूनच चालायला हवं. तुकडा दारापासून, झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दहा-पंधरा फूट तरी दूर ठेवा. भोवतीची दोन-तीन फूट जागा कायम कापलेली असावी. जवळ लाकडांचा, दगड-विटांचा ढीग नको, सांडलेलं धान्य नको. धान्याला उंदीर येतो, उंदरामागे साप. मुलांनी कडेवर उभं राहून बघायचं, आत हात घालायचा नाही, अंधारात जायचं नाही. कडेचे दगडही एकेरी ओळीत, जमिनीत अर्धे पुरलेले ठेवा, म्हणजे खाली पोकळी राहत नाही.

आणि या तुकड्यात कसलंही फवारायचं नाही. शेतात तूर किंवा सूर्यफूल फुलात असताना फवारणी टाळता येत नसेल तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी, हेही मुलांच्या तोंडून घरी पोचू द्या.

वर्गासाठी उपक्रम

पहिली-दुसरी : आज कोणत्या रंगाची फुलं उमलली? रंगीत खडूने तेवढे ठिपके काढा.

तिसरी ते पाचवी : दहा मिनिटं एका जागी बसून मोजा. मधमाशी किती, भुंगा किती, फुलपाखरं किती, इतर किती. सकाळी आणि दुपारी, आठवड्यातून एकदा. चार महिन्यांचा तक्ता भिंतीवर लावा. गणिताचा स्तंभालेख वेगळा शिकवावा लागत नाही.

सहावी ते आठवी, पहिला प्रयोग : भोपळ्याची दुसऱ्या दिवशी उमलणारी तीन मादी कळ्या निवडा (फुलाखाली छोटा भोपळा असतो ती मादी). तिन्हींवर आदल्या संध्याकाळी मलमलची पिशवी बांधा. सकाळी एकीची पिशवी काढून टाका. दुसरीची काढून नर फुलातले परागकण तिच्या कुक्षीवर हाताने लावा आणि पिशवी परत बांधा. तिसरीची पिशवी तशीच राहू द्या. आठवड्याने तिघींचं काय झालं ते लिहा.

दुसरा प्रयोग : वांगं, रिंगणी यांचे परागकण परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर येतात, मिठाच्या डबीसारखे. भुंगा फूल पकडून अंग थरथरवतो तेव्हा ते झडतात. सातेरीला, आग्याला ही कला येत नाही. प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून वांग्याच्या उमललेल्या फुलाला हळूच टेकवा, खाली काळा कागद धरा. कागदावर पिवळी भुकटी दिसेल. ध्वनीचा धडा आणि परागीभवनाचा धडा एका फुलात शिकवून होतो.

सगळ्यांसाठी : नावांची वही. श्रावणात जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ लागते. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका, डोरली, रुई, विष्णुक्रांता येतात. आज ही पत्री बाजारातून जुडीने येते आणि त्यातलं पान कशाचं हे घरात फार थोड्यांना ओळखता येतं. मुलांनी आजीला सोबत घेऊन तुकड्यातलं एकेक झाड ओळखावं, आजी सांगेल तेच नाव लिहावं, सोबत पान चिकटवावं. गावागणिक नावं बदलतात, ती सगळी लिहा. ज्या झाडाचं नाव माहीत असतं त्याला माणूस सहसा नुसतं 'तण' म्हणत नाही.

पहिल्या वर्षी तुकडा फार देखणा दिसणार नाही. गवत जास्त, फुलं कमी असतील. मार्गशीर्षातली कापणी आणि बी झडू देणं सलग तीन वर्षं सांभाळलं की फरक कळायला लागतो. तोपर्यंत मुलांचा मोजणीचा तक्ता हाच पुरावा. या वर्षी १५ ऑगस्टची सफाई ठरवायला बैठक बसेल तेव्हा एवढंच करा : कुंपणालगतची तीन फुटांची पट्टी आधी दोरीने आखून घ्या आणि मग विळे हातात द्या.